कासरा कुणाच्या हातात?



एक प्रश्न विचारतो. साधा वाटेल, पण मला तो काही वर्षं छळतोय. एखाद्या गाडीत आपल्याला 'बसू नको' असं कुणी म्हणत नाही, पण ती गाडी आपल्या वस्तीत येतच नाही. याला काय म्हणायचं? गैरसोय, की अन्याय?

गैरसोय म्हटलं की अर्ज करायचा नि वाट बघायची. अन्याय म्हटलं की अन्याय करणारा दाखवावा लागतो. आणि इथं तो सापडत नाही. ड्रायव्हर म्हणेल, दिलेला रूट चालवतो. रूट आखणारा म्हणेल, जिथं प्रवासी तिथं गाडी. प्रवासी म्हणेल, मला काय माहीत तिकडं वस्ती आहे. सगळे खरं बोलतात. कुणाच्याही तोंडात जातीचं नाव नाही. आणि तरी सकाळी डोक्यावर पाटी, हातात डबा घेऊन चिखल तुडवत मेन रोडपर्यंत चालत जाणारी बाई आपलीच असते.

आपल्या बापजाद्यांचा लढा सोपा नव्हता, पण तिथं समोरचा माणूस दिसत होता. देवळाच्या दाराला कुलूप होतं, कुलपाला किल्ली होती, किल्ली कुणाच्या तरी कमरेला होती. संविधानाच्या १५ व्या कलमानं दुकानं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते सगळ्यांना खुले केले. १९५५ च्या अस्पृश्यतेच्या कायद्यानं सार्वजनिक वाहनात मज्जाव करणं हा गुन्हा ठरवला. म्हणजे गाडीत बसलेल्याला उठवलं तर कायदा आहे. पण जी गाडी आलीच नाही, तिच्यातून उठवलं कुणाला? तिथं कायदा मुका होतो. म्हणून हा प्रश्न कोर्टाचा होण्याआधी विचाराचा आहे, आणि तो आपणच सोडवला पाहिजे.

या प्रश्नाची मुळं आपल्या नाशकातच आहेत. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड पुढे होते. मंदिराचे दरवाजे बंद झाले. पुढे ९ एप्रिलला रामाच्या रथाचा दिवस आला. त्याआधी तडजोड ठरली होती की दोन्ही बाजूंची माणसं मिळून रथ ओढतील. देवळात नाही तर नाही, निदान दोराला हात. पण आपली माणसं दोराजवळ पोचायच्या आत सवर्णांनी रथ पळवला. मग दगड आले. बाबासाहेब स्वतः तिथं होते.

आपण ही गोष्ट दरवर्षी सांगतो ती देवळाची गोष्ट म्हणून. मला ती गाडीची गोष्ट वाटते. रथ रस्त्यावरून जाणार होता, रस्ता सगळ्यांचा होता. प्रश्न एवढाच होता की दोर कुणाच्या हातात. आणि ज्यांनी करार केला त्यांनीच तो मोडला, तोही 'नाही' न म्हणता. फक्त वेळेआधी निघून गेले. गाडी वेळेआधी निघून जाणं हे नाकारण्याचं जुनं तंत्र आहे. 'आम्ही कुठं नाही म्हटलं? तुम्हीच उशिरा आले,' असं म्हणायची सोय त्यात असते.

आता दोर हातात आला म्हणजे प्रश्न सुटला का? इथं बाबासाहेबांच्याच आयुष्यातले दोन प्रसंग घ्या. दोन्ही त्यांनी स्वतः लिहून ठेवलेत, आणि दोन्ही गाडीचेच आहेत.

पहिला १९०१ चा. भीमराव लहान. भावाबरोबर, बहिणीच्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. स्टेशनमास्तरला जात कळली नि तो मागं सरला. एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी एक तयार झाला, पण दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनीच हाकायची. मालक पायी चालणार, कारण अस्पृश्यांच्या पोरांना त्यानं हाकून नेलं तर तो बाटणार! म्हणजे बघा, कासरा त्या दिवशी आपल्याच पोरांच्या हातात होता. ते स्वातंत्र्य होतं का? नाही. तो तिरस्कारानं दिलेला कासरा होता. वर दुप्पट पैसे.

दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. आपल्या नाशिक-मनमाडच्याच रेल्वेलाइनवरचं गाव. आता भीमराव बॅरिस्टर, सरकारी कमिटीचे सभासद. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना आग्रहानं ठेवून घेतलं. टांगा आणायला गेले तर टांगेवाले म्हणाले, अस्पृश्याला आम्ही हाकून नेणार नाही. लोकांना वाटलं, आपला साहेब पायी चालला तर वस्तीची इज्जत काय राहील? तोड निघाली. टांगा टांगेवाल्याचा, हाकणारा आपला. हाकणाऱ्याला सवय नव्हती. पुलाजवळ टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले, पायाचं हाड मोडलं, कित्येक दिवस जायबंदी झाले.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो. कारण तिथं दुष्ट माणूस एकच, टांगेवाला. बाकी सगळी आपली प्रेमाची माणसं. त्यांनी स्वाभिमान राखला, पण टांग्यात बसलेल्याचं काय होईल याचा विचार राहून गेला. आज 'लोकसहभाग' नावाचा शब्द सरकारी कागदावर आला की मला चाळीसगावचा तो टांगा आठवतो. टांगा देतात, शिकवत नाहीत. मग उलटला की म्हणतात, बघा, यांना हाकता येत नाही.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. नुसता कासरा हातात येणं म्हणजे सत्ता नव्हे. तो कुठल्या भावनेनं दिला, आणि तो धरायची तयारी करू दिली का, हे दोन्ही बघावं लागतं.

आता आजच्या नाशकाकडं या. वर्षानुवर्षं शहरातली बस एस.टी. महामंडळ चालवायचं. लाल गाडी, निमाणीहून नाशिकरोड, सी.बी.एस.हून सातपूर, सिडको, अंबड. खटारा असेल, पण ड्रायव्हर-कंडक्टर कायम नोकरीतले. त्यांत आपली माणसं होती, कारण तिथं राखीव जागा होत्या. वस्तीतल्या एखाद्या घरी खाकी कपडे वाळत पडले की त्या घराकडं बघायची नजर बदलायची. ८ जुलै २०२१ ला महापालिकेनं स्वतःची सिटीलिंक सुरू केली. गाड्या नव्या, बहुतेक सी.एन.जी.वरच्या, तिकीट मोबाइलवर. चांगलं झालं. नव्या गाडीला नावं ठेवणारा मी नाही. पण गाड्या ठेकेदाराच्या, त्याला किलोमीटरमागं पैसे. ड्रायव्हर ठेकेदाराचा. कंडक्टरही ठेकेदाराचाच. पगार थकले म्हणून या कंडक्टरांना २०२३, २०२४ साली पुन्हा पुन्हा काम बंद ठेवावं लागलं. गाडी सार्वजनिक राहिली, नोकरी खासगी झाली. आणि ठेक्यात राखीव जागा नसते. म्हणजे १९०१ साली कासरा हातात होता नि मान नव्हता. आता गाडीत बसायला मान आहे, पण स्टिअरिंगवरचा हक्क गेला. त्यावर मोर्चा निघाला का? आपल्यातल्या कितीजणांच्या ध्यानात तरी आलं?

त्याच साली, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, नाशिकच्या मेट्रो निओला २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. रबरी टायरवर, विजेच्या तारेखाली, उंच खांबांवरून धावणारी गाडी. चार वर्षांनीही खांब उभा नव्हता. मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की आधी आकाशातली गाडी जाहीर होते आणि जमिनीवरून चालणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही, 'बाई, तुला कुठं जायचंय?' आणि विचारणार तरी कोण? ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवर वस्तीच्या शहरात वॉर्ड कमिट्या सांगितल्या. पण मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेच्या सभासदांची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही. प्रशासक होता. जिथं नगरसेवकच नव्हता तिथं वॉर्डाचा आवाज कुठून निघणार होता?

यावर समोरचा शहाणा माणूस दोन गोष्टी सांगतो. दोन्ही ऐकून घेऊ, कारण शिवी देऊन युक्तिवाद मरत नाही.

तो म्हणतो, वस्तीतली फेरी तोट्यात जाते. रिकामी गाडी फिरवायची तर लोकांचाच पैसा जातो. खरं आहे. पण मग महामार्गावरच्या उड्डाणपुलाला रोज नफा-तोटा कुणी विचारतो का? त्यावरून जाणाऱ्या मोटारवाल्याच्या हातात कुणी हिशेब ठेवत नाही. त्याच्या सोयीला 'विकास' म्हणतात, आपल्या फेरीला 'तोटा' म्हणतात. शब्द आधी ठरतो, हिशेब मागून येतो. आणि हिशेब करता येत नाही असंही नाही. २०१५ च्या सिंहस्थात बाहेरची वाहनं शहराबाहेर अडवून तिथून भाविकांना घाटाकडं न्यायला खास बसगाड्या ठेवल्या. किती माणूस येईल, कुठं उतरेल, किती चालेल, सगळं मोजलं. २०२७ च्या सिंहस्थासाठीही मोजणारच. बारा वर्षांनी एकदा येणाऱ्या पाहुण्याची पावलं मोजता येतात, तर रोज चालणाऱ्या घरच्या माणसाची का नाही? म्हणजे अडचण अकलेची नाही, कुणाला मोजण्यालायक मानता याची आहे. आणि इथंच माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला सापडतं. मोजता येत असताना, विचारता येत असताना, विचारलं नाही, तर ती गैरसोय राहत नाही. ती अन्याय होते. तो करणारा एकटा कुणी नसला तरी.

शहाणा माणूस दुसरी गोष्ट सांगतो. गाड्यांचं वेळापत्रक हे शास्त्र आहे. वस्तीतल्या माणसाला त्यातलं काय कळतं? याला उत्तर देताना आपण चाळीसगाव विसरायचं नाही. अडाणी हातात टांगा दिला तर हाड मोडतं, हे आपण सोसलंय. म्हणून 'आम्हाला सगळं कळतं' ही घोषणा मी देणार नाही. पण टांगा कसा हाकायचा हे टांगेवाल्याला कळतं. कुठं जायचं नि किती वाजता, हे बसणाऱ्याला कळतं. हे दोन ज्ञानं वेगळी आहेत. पहिलं शिकता येतं. दुसरं घरोघरी जाऊन विचारल्याशिवाय कुणालाच मिळत नाही, मग तो कितीही मोठा इंजिनिअर असो.

किंवा कितीही मोठा कार्यकर्ता असो. आता माझी गोष्ट सांगतो. वस्तीचं नाव लिहीत नाही, कारण दोष वस्तीचा नाही, माझा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही पोरांनी विहारात बैठक घेतली. ठराव झाला: बस वस्तीच्या कमानीपाशी थांबली पाहिजे, आणि स्टॉपला बाबासाहेबांचं नाव पाहिजे. भाषण मी केलं. रोझा पार्क्स सांगितली, काळाराम सांगितला, टाळ्या घेतल्या. रात्रीतून निवेदन लिहिलं, दोन दिवसांत दोनशेवर सह्या जमा केल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मावशीच्या दारात गेलो. बंगल्यांवर भांडी घासते. तिनं कागद उलटापालटा केला नि विचारलं, "काय लिव्हलं यात?" मी वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "चांगलं हाय, बाबाचं नाव लागलं तर बरंच हाय. पन मी जाते पहाटं साडेपाचला. तवा गाडी पायजे. त्ये लिव्हलं का?"

मी म्हटलं, "मावशी, आधी स्टॉप तर मिळू द्या. वेळेचं नंतर बघू."

ती कागदावरच्या सह्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या समद्या बाप्यांच्या सह्या. बाप्ये तर फटफटीवर जात्यात. गाडीत कोन बसतं रं पोरा? तुम्ही सह्या घ्यायला आले, पन मी कितीला उठते हे कोनी इचारलं का?"

तिनं अंगठा दिला. मी घेतला नि निघालो. रात्री झोप आली नाही. मी स्वतः कित्येक वर्षांत बसमध्ये बसलो नव्हतो. माझ्याकडं फटफटी होती, तिच्यावर निळा झेंडा होता. आणि मी वस्तीच्या वतीनं बस मागत होतो! मला विचारलं नाही म्हणून मी ज्यांच्याविरुद्ध भाषण केलं, तेच मी मावशीला केलं होतं. तिला मोजलं ती फक्त अंगठा म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी नि अजून दोन पोरं नाक्यावर जाऊन उभे राहिलो. आठवडाभर उभे राहिलो. वहीत लिहीत गेलो. भांडीवाल्या बाया, मार्केट यार्डाकडं निघालेल्या भाजीवाल्या, कंपनीच्या पहिल्या पाळीचे कामगार, सिव्हिल हॉस्पिटलात नंबर लावायला निघालेली म्हातारी माणसं. कोण कुठं जातं, किती चालतं, शेअर रिक्षाला किती देतं. काही बायांच्या दिवसाच्या मजुरीतला मोठा भाग नुसता रिक्षात जात होता. मला वस्तीत जन्म घेऊन हे माहीत नव्हतं. मग निवेदन फाडलं नि नवं लिहिलं. पहिली मागणी पहाटेच्या फेरीची. दुसरी कमानीपाशी स्टॉपची. तिसरी नावाची. त्या निवेदनाचं पुढं काय झालं तो या लेखाचा विषय नाही.

काही मित्रांना राग आला. नाव तिसऱ्या नंबरावर? नामांतरासाठी माणसं मेली, घरं जळाली, १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षं गेली, ते विसरला का? नाही विसरलो. नाव ही छोटी गोष्ट असती तर त्यांनी ते द्यायला सोळा वर्षं लावली नसती. पण काळ बदललाय. आता नाव द्यायला त्यांना फार काही पडत नाही. पाटी रंगवली, हार घातला, फोटो काढला. पहाटेची फेरी द्यायला रोज डिझेल लागतं, ड्रायव्हर लागतो. जे स्वस्तात मिळतं तेच आपण मोठ्यानं मागू लागलो, तर समोरचा खुशाल देईल नि आपणही विजय साजरा करू. बाबासाहेबांचं नाव असलेल्या स्टॉपवर त्यांच्या लेकी गाडीची वाट बघत उभ्या असतील आणि गाडी येणारच नसेल, तर ते नाव आपण कशासाठी मागितलं होतं?

मी बैठकीत रोझा पार्क्स सांगितली होती. तिची गोष्टही मी अर्धीच सांगितली होती. मॉन्टगोमेरीत १९५४ च्या मे महिन्यातच काळ्या बायांच्या कौन्सिलनं महापौरांना पत्र लिहिलं होतं. त्यात एक मागणी अशी, की गोऱ्यांच्या भागात बस जशी प्रत्येक कोपऱ्यावर थांबते तशी आमच्या भागातही थांबावी. म्हणजे स्टॉपचा प्रश्न आपल्या आधी त्यांनी मांडलेला. २ मार्च १९५५ ला, काळाराम सत्याग्रहाला बरोबर पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, क्लॉडेट कोल्विन नावाची पंधरा वर्षांची पोर सीटवरून उठली नाही. तिला पकडलं. पण पुढाऱ्यांना ती लढ्याचा चेहरा म्हणून योग्य वाटली नाही. मग डिसेंबरमध्ये रोझा पार्क्सला अटक झाली. त्याच रात्री जो अॅन रॉबिन्सन या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईनं हजारो पत्रकं काढली. कशावर? सायक्लोस्टाइलवर, मित्रांनो! आपल्या या अंकासारख्याच शाईनं हात काळे करून. ३८१ दिवस लोक पायी चालले. त्यांत बहुसंख्य घरकाम करणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या सुरुवातीच्या तीन मागण्यांत एक होती: आमच्या भागातल्या गाड्यांवर काळे ड्रायव्हर घ्या. आणि शेवटी सुप्रीम कोर्टात जो खटला जिंकला त्यात फिर्यादी म्हणून नाव होतं त्या नाकारलेल्या कोल्विनचं.

१९७२ साली पँथर हे नाव आपण अमेरिकेतून घेतलं. ही बायांची गोष्टही घेऊ.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जो गाडीत बसत नाही त्यानं गाडीत बसणाऱ्याच्या वतीनं बोलायच्या आधी त्याच्याबरोबर पहाटे उभं राहावं. हा नियम साहेबाला लावायचा असेल तर आधी स्वतःला लावला पाहिजे. नाहीतर आपणही रथ वेळेआधी पळवणारे होऊ, आणि दोराला हात लावायला आलेल्या मावशीला सांगू, 'तुम्हीच उशिरा आले.'

पुढची बैठक रविवारी विहारातच आहे, पण वेळ बदललीय. संध्याकाळी सातला बाया स्वयंपाकात असतात, म्हणून दुपारी तीनला. ही वेळ मावशीनं ठरवलीय. येताना फटफटी घरी ठेवा नि बसनं या. जिथं बस नाही तिथून पायी या, आणि किती चालावं लागलं ते लिहून आणा.